स्टेडियममधल्या खांबाबद्दल खुलासा

नानाखेडा, उज्जैन
बुधवार, दुपारी (कल्पनाला डोळा लागला आहे, ते पाहून)

तीर्थस्वरूप सुलूताईस,

धाकट्या यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. डावा गुडघा सध्या सहा अंगांवरच थांबतो.) तुझी शुगर, जिजाजींचं कानाचं मशीन आणि भोपाळच्या घराचं गळणारं छत, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. मशीनबद्दल माझं मत पूर्वीचंच आहे. जिजाजींना सगळं ऐकू येतं, पण न ऐकू येण्याचे फायदे सोडवत नाहीत. इथे आम्ही ठीक आहोत. कल्पनाची कंबर धरलेली आहे, माझी झोप उडालेली आहे आणि आपली नात मृण्मयी गेले अकरा दिवस माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर काळजीचं काही नाही.

फोनच केला असता, पण चिरंजीव श्रेयसने घरात फोन स्पीकरवर ठेवून बोलायची पद्धत पाडली आहे. मी तुला काही विचारतो आणि तुझी भावजय कल्पना पोळ्या लाटता लाटता त्याचं उत्तर देते. शिवाय फॅमिली ग्रुपवर जो व्हिडिओ फिरतो आहे (शेंदरी खांब, समोर बायकांची रांग, उजव्या कोपऱ्यात एक पाठमोरा पांढरा सदरा) तो तू पाहिलाच असशील. सगळ्यांनी त्याच्याखाली हात जोडले, तू एकटीने काही लिहिलं नाहीस. म्हणजे तू ती पाठ ओळखलीस. पाठ माझीच आहे. पण पाठीवरून माणसाचा हेतू कळत नाही, म्हणून हा सविस्तर खुलासा. वाचून झाल्यावर पत्र जिजाजींच्या हाती देऊ नकोस, त्यांना वाचता मात्र नक्की येतं.

फ्रीगंजात जिथे आपण लहानपणी सर्कस बघायला जायचो ते मैदान तुला आठवत असेल. तिथे हे नवीन स्टेडियम झालं. तीन वर्षं त्याच्याभोवती निळे पत्रे होते. आता स्टेडियमला पत्रे कशाला, सांग. ती वस्तू लोकांनी बघावी म्हणूनच बांधतात. मी रोज भाजी आणायला जाताना चौकीदाराला विचारायचो की आत काय चाललंय, तर तो म्हणायचा, काम चालू है. हे उत्तर मी विद्युत मंडळाच्या दक्षता पथकात तेहतीस वर्षं ऐकलं आहे, आणि दर वेळी आत काही ना काही निघालं आहे. मग एक दिवस पत्रे उतरले आणि फाटकावर पाटी लागली, 'बहुउद्देशीय क्रीडा एवं मनोरंजन परिसर'. सकाळी कबड्डी, दुपारी बॅडमिंटन, संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम, मध्ये जागा उरली तर साड्यांचा सेल. मी ज्या ज्या घरी अर्जावर 'घरगुती' लिहिलेलं आणि आत पिठाची गिरणी चालताना पकडली, ते सगळे लोक स्वतःला बहुउद्देशीयच म्हणाले असते. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला आतून बघायचं निमंत्रण आलं तेव्हा पहिलं नाव मी दिलं.

(तू म्हणशील, यज्ञाचा स्वभावच संशयी. आहेच. आपले मूळपुरुष शिंदे सरकारच्या दफ्तरात आलेल्या लखोट्यांची लाख तपासायला होते. पिढ्यान्‌पिढ्या हे घराणं दुसऱ्याचं पाकीट उजेडात धरून बघण्यावर जगलं. तूही लग्नात जिजाजींचा फोटो उलटा करून मागे स्टुडिओचं नाव वाचलं होतंस, ते मी विसरलेलो नाही.)

तर तिथे निहारिका मॅडम म्हणून मॅनेजर आहेत. बाहेरगावच्या, गळ्यात पट्टा, हातात टॅब, हिंदी अगदी स्वच्छ. त्यांनी टॅबवर बोट ठेवलं आणि भिंतीतून खुर्च्या बाहेर आल्या. बारा रांगा, घरघर करत, मैदानाच्या मधोमध. पुन्हा बोट ठेवलं, खुर्च्या भिंतीत. मंडळी टाळ्या वाजवायला लागली. मी विचारलं, खुर्च्या आत जाताना एखादा म्हातारा वर झोपलेला राहिला तर? त्या म्हणाल्या, सेन्सर आहे. सेन्सर कोण तपासतं? सिस्टीम. सिस्टीम कोण तपासतं, असं विचारल्यावर त्यांनी सगळ्यांना कचोरी खायला बोलावलं. वरचं छप्परही सरकतं म्हणे. उज्जैनच्या मे महिन्यात कोणता शहाणा डोक्यावरचं छप्पर उघडेल, ते एक महाकालच जाणे. मीटरची खोली दाखवली नाही. कुलूप होतं आणि किल्ली 'वेंडर'कडे होती. हा वेंडर कोण, हे मी तीनदा विचारलं, तीन जणांनी तीन वेगळी नावं सांगितली. घरी आल्यावर ते सगळं मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलं आहे.

आता मृण्मयीचं सांगतो. पोरगी चौदाची झाली. मल्लखांबावर अशी चढते की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. मी स्वतः तिला सहाव्या वर्षी व्यायामशाळेत नेलं, खांबाला तेल कसं लावायचं, राळ कशी चोळायची, खांबाला आधी नमस्कार कसा करायचा, सगळं मी शिकवलं. (खांब म्हणजे मारुती, हे तुला सांगायला नको. तुला बाबांनी चढू दिलं नाही, पण तेल लावायचं काम तुझ्याचकडे होतं.) उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मुलींची प्रात्यक्षिकं ठेवली होती आणि ती बघायला भोपाळच्या क्रीडा अकादमीची निवड समिती येणार होती. निवड झाली की जूनपासून भोपाळला हॉस्टेल. शाळा तिथेच, सराव तिथेच, घरी फक्त दिवाळीला आणि उन्हाळ्यात. सहा महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. श्रेयस खूश, सूनबाई खूश, कल्पनाने तर तिळाचे लाडू किती दिवस टिकतात याची चौकशी सुरू केली होती.

मीही खूश होतो. फक्त मी अकादमीचं माहितीपत्रक नीट वाचलं, ते बाकी कोणी वाचलं नव्हतं. पहिल्या पानावर आठ मुली हसताहेत, आणि आठही एकसारख्या हसताहेत. आठ मुली एका वेळी हसतात त्या कोणीतरी सांगितल्यावर. सकाळी साडेचारला उठवतात असं लिहिलं आहे, पण कोण उठवतं ते लिहिलेलं नाही. आपली पोरगी उठवताना आधी पायाचा अंगठा हलवावा लागतो, एकदम हाक मारली तर दिवसभर तिचं डोकं दुखतं. 'पौष्टिक आहार' म्हणजे काय, याचा खुलासा नाही. दूध म्हशीचं की पिशवीचं? मी हे प्रश्न जेवताना काढले तर श्रेयस म्हणाला, बाबा, तुम्हाला सगळीकडे मीटरच दिसतात. मृण्मयी हसली. तेव्हा ती माझ्याशी बोलत होती.

आता प्रत्यक्ष घटना. स्टेडियमच्या लाकडी जमिनीत एक भोक ठेवलं आहे, त्यात मल्लखांब उभा करतात. संध्याकाळी गाण्याच्या वेळी तो उपसून बाजूला ठेवायचा, म्हणजे खुर्च्या पुढे येतात. खांब कारखान्यातून आलेला, नवा कोरा शिसवी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. त्याची पूजा नाही, त्याला नारळ नाही. कार्यक्रमपत्रिकेत मी शोधलं, फीत कापायला सात मिनिटं होती आणि खांबाला एकही नाही. ताई, पूजा न झालेल्या खांबावर आपल्या घरातली मुलगी चढणार? मी श्रीधरला गाठलं. (माझा व्यायामशाळेतला जुना जोडीदार. आता मोतीबिंदूमुळे त्याला माणसं रंगावरून ओळखावी लागतात.) आम्ही दोघे मुलींचे कोच शैलेंद्रजी यांच्याकडे गेलो. ते बिचारे भाविक, स्वतः आखाड्यातले. म्हणाले, सकाळी सात वाजता या, तेलाचं बोट आणि एक टिळा, बस्स. दादाजी, हल्का-सा. हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले, हे मी प्रामाणिकपणे इथे नोंदवतो.

शनिवारी सकाळी सातला आम्ही फाटकावर. नारळ आत नेऊ दिला नाही. यादीत 'फेकून मारता येण्याजोगी कठीण वस्तू' असं काहीतरी होतं. नारळ जप्त, त्याबद्दल सतरा नंबरचा बिल्ला. माझ्याकडे चार पुडाचा डबा होता, त्यात तेलात कालवलेला शेंदूर होता. (घरून कालवून नेला की वेळ वाचतो.) डबा मशीनमधून बिनबोभाट गेला. म्हणजे बघ, ज्या मशीनला नारळ संशयास्पद वाटतो त्याला माझ्या डब्याबद्दल काहीच वाटलं नाही, आणि या लोकांच्या भरवशावर आपण तीन हजार माणसं बसवणार आहोत. आत गेलो. श्रीधरने डोळे मिटून मारुतीस्तोत्र सुरू केलं, मी बोटाने टिळा लावला. मग वाटलं, टिळा जरा वाकडा आहे, म्हणून तो सारखा केला. सारखा करताना खाली ओघळला, म्हणून ओघळ पसरवला. श्रीधर एका स्तोत्रानंतर थांबत नाही, अकरा वेळा म्हणतो. त्याने डोळे उघडले तेव्हा खांबावर खालपासून टोकाच्या बोंडापर्यंत शेंदराचा चांगला बोटभर जाड चोला चढलेला होता आणि मी शिडीवरून चांदीचा वर्ख लावत होतो. श्रीधर म्हणाला, यज्ञा, हे कोण उभं आहे? मी म्हटलं, मारुती. त्याने लोटांगण घातलं.

पुढचं सगळं माझ्या हाताबाहेरचं आहे. तू उज्जैनमध्ये बावीस वर्षं काढलीस, तुला माहीत आहे इथे काय होतं. आधी सुरक्षावाल्याने बूट काढले. मग सफाईच्या बायका आल्या, त्यांनी उदबत्ती लावली. (आग विझवायची व्यवस्था उदबत्तीला ओळखत नाही, हेही मी वहीत लिहिलं आहे.) साडेआठला बाहेर फुलवाला बसला. नऊ वाजता कोणीतरी बोंडाच्या खाली चांदीचे डोळे लावले. डोळे मी लावले नाहीत, ताई. कोणी लावले ते आजपर्यंत कळलेलं नाही, आणि मी शिडी परत नेऊन ठेवल्यावर आठ फुटांवर ते पोचले कसे, हाही एक प्रश्नच आहे.

शैलेंद्रजी मुलींना घेऊन आले. खांब बघितला, आधी हात जोडले, मग दोन्ही हातांनी डोकं धरून खालीच बसले. चोला चढलेल्या देवावर पाय कसा ठेवायचा? मुलींच्या मांड्यांचा विळखा कुठे घालायचा? तेल पुसून काढायचं तर चोला पुसायचा नसतो, तो विधीने उतरवून शिप्रा नदीत सोडतात, आणि विधी कोण करणार हे टॅबमध्ये नव्हतं. निहारिका मॅडमनी एका माणसाला कपडा आणि रॉकेल घेऊन पाठवलं. तो खांबापर्यंत गेला, वर डोळ्यांकडे पाहिलं आणि कपडा ठेवून नमस्कार करून परत आला. दुसरा खांब मागवायला वेळ नव्हता. निवड समिती पाऊण तास बसली. त्यांनी पोहे खाल्ले, वर शेव मागून घेतली, दर्शन घेतलं आणि भोपाळची गाडी पकडली. मुली चमकीच्या पोशाखात रांगेत उभ्याच होत्या. दोघी-तिघी रडल्या. मृण्मयी रडली नाही. ती माझ्यापाशी आली, माझ्या हाताकडे बघितलं (कोपरापर्यंत शेंदूर होता) आणि म्हणाली, आजोबा, बोटाला लागेल एवढंच तेल लावायचं, हे तुम्हीच शिकवलं होतं ना. त्यानंतर तिने माझ्याशी एक शब्द काढलेला नाही. पोळी हवी का हेसुद्धा ती कल्पनामार्फत विचारते.

संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम होता. खांब उपसायला आठ माणसं आणली, आठही पाया पडून बाजूला झाली. मॅडमनी बटण दाबलं, खुर्च्या घरघरत आल्या आणि खांबापासून हातभर अंतरावर थांबल्या. सेन्सर चालतो, एवढं माझ्या मनाचं समाधान झालं. तेवढ्या जागी पाच रांगा कमी पडल्या, त्यातले लोक चप्पल काढून खांबाभोवती खाली बसले. गाणारी बाई मुंबईची, तिने आधी खांबाला नमस्कार केला, मग एक भजन म्हटलं, आणि लोकांनी पुढची सगळी फर्माईश भजनांचीच केली. आता तिथे मंगळवारी आणि शनिवारी रांग लागते. बॅडमिंटनवाले खांबाच्या अलीकडे खेळतात आणि शटलचं फूल पलीकडे गेलं तर प्रसाद म्हणून सोडून देतात.

या प्रकरणाची चौकशी करायला तीन जणांची समिती नेमली आहे. एक इंजिनियर, एक स्टेडियमचा माणूस आणि दक्षता विभागाचा अनुभव असलेला ज्येष्ठ नागरिक म्हणून मी. मी नाही म्हणणार होतो, पण मग त्यांना संशय आला असता. आतापर्यंत मी सव्वीस जणांचे जबाब घेतले आहेत. श्रीधरचा जबाब घेताना त्याने तीन वेळा 'तूच तर' असं सुरू केलं, मी तीनही वेळा पाणी मागवलं. प्राथमिक निष्कर्ष असा की, सदर प्रकार अतिभक्तीने अनवधानाने घडला असून कोणाचाही दुष्ट हेतू आढळत नाही. टाईप होऊन आलं की सही करायची आहे.

खुलासा हा असा. माझा हात जरा सढळ पडला, एवढाच काय तो दोष. तुला जर कोणी वेगळं सांगितलं, तर सांगणाऱ्याचं नाव मला कळव. जिजाजींना नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद. शुगर असताना आंब्याच्या पेटीपाशी एकटी बसू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
यज्ञेश्वर

ता. क. तू आत्तापर्यंत चार पुडाच्या डब्यापाशी थांबली असशील. टिळ्याला चिमूटभर शेंदूर लागतो. मी उद्घाटनाच्या आधीच्या मंगळवारीच तीन किलो आणला होता आणि वर्खाची पुडी त्याच्या आदल्या दिवशी. चोला चढला की शैलेंद्रजी मुलींना पाय ठेवू देणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर पूजेला त्यांचीच परवानगी घेतली. ताई, मी तिला जाऊ द्यायला तयार नव्हतो. सकाळी तिचा अंगठा हलवायचा, तिला व्यायामशाळेत सोडायचं, परत आणायचं, यापलीकडे मला दिवसभर काही काम नाही. हे घरात कोणाला सांगितलं नाही. कल्पनाला बहुधा माहीत आहे, कारण ती काही विचारत नाही.

ता. क. २. निवड समितीने परवा सोमवारी मुलींना पुन्हा बघितलं, आपल्या जुन्या व्यायामशाळेत, मातीत पुरलेल्या जुन्या खांबावर. मला घरातून कोणी सांगितलं नाही, श्रीधरकडून कळलं. मी कुंपणाबाहेर नळापाशी उभा राहून पाहिलं. ती बोंडावर एका पायावर उभी राहिली तेव्हा समितीतली बाई लिहायची थांबली. निवड झाली. सोळा जूनला ती भोपाळला निघते. चौकशीचा कागद खरं तर टाईप होऊन आलेला आहे, मीच सही केलेली नाही. ती गेल्यावर मी निहारिका मॅडमना जाऊन खरं काय ते सांगणार आहे.

ता. क. ३. ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच. अकादमी तुझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे, मी नकाशावर तीनदा बघितलं. दर रविवारी तिला जेवायला घरी ने. वरणात तिला गूळ चालत नाही, वांगं बळेबळे वाढू नकोस. आंघोळ झाल्यावर तिच्या तळपायाला तूप चोळ, खांबाने साल निघते. माझा विषय तू काढू नकोस, मी हे पत्र लिहिलं हेही सांगू नकोस. तिने आपणहून काढला, तर मात्र मला त्याच दिवशी फोन कर. स्पीकरवर आला तरी चालेल.